मातीचा दिवा

...आणि नवस तरी मी काय बोलले, तर कानाचा! नवऱ्याच्या कानाचा! हसू नका बायांनो, हुकीलाच्या माउलीला जे मागायचं ते मातीचं वळून तिच्या टेकडीवर ठेवायचं, हे का मी तुम्हाला सांगायचं? कुणी घर करतं, कुणी गाय, कुणी पाळणा... आमच्या चौकात भूकंपाचा भोंगा बसला तेव्हा सगळं गाव नाचलं, हादरा पोचायच्या आधीच ओरडणार म्हणे, पण आमचा क्रिसोफोरो जन्माचा बहिरा, दिवसभर कौलांखाली रंधा मारणारा सुतार, त्याला कोण सांगणार? म्हणून अनवाणी डोंगर चढले आणि हा एवढा कान वळला. बरोबर आलेल्या क्रिसोफोरोनं बघितलं, कान उचलला, मळून त्याचा गोळा केला आणि हातांनी मला म्हणतो, "कानावाचून माझं काय अडलंय गं? भोंगा ओरडला की पेटणारा दिवा माग!" आणि केला की त्यानं दिवा, विजेच्या बल्बासारखा गोल, माझ्याच मातीचा!

तोच दिवा मागायला मी पालिकेत गेले. तिथले बाल्तासारसाहेब, टाय केवढा, पोटाच्याही खाली! "बाई, भोंगा वाजतो ना?" वाजतो. "मग झालं तर!" अहो पण त्याला ऐकू... "पलीकडच्या गावाला ऐकू जातो!" शेजारणीला, एल्पिदियाला सांगितलं, तर ती मक्याच्या पिठाचे तमाले पानात बांधता बांधता, "अगं एर्लिंदा, तू आहेस ना घरात? आणि भोंगा वाजतो ना?" आहे हो मी घरात! पण मी बाजाराला जायचं नाही? चर्चात मिस्साला जायचं नाही?

आणि वाजला. मी बाजारात मिरच्या निवडत होते... सगळे चौकाकडे धावताहेत, मी एकटी उलटी, कुणी शाल ओढतंय, "वेडी झालीस का!", आणि गल्लीच्या तोंडाशी पोचले तर उघड्या दारातून तो दिसला, पाठमोरा, रंधा मारतोय, ढलप्या उडताहेत... हाक मारली मी. बघा, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी त्याला हाक मारली! मग जमीन हलली. कौलं आली, वासा आला.

जीव वाचला, माउलीची कृपा, रोज मेणबत्ती लावते. पण उजवा हात गेला, बायांनो. तुमच्या नवऱ्याचा हात गेला तर काम जाईल, माझ्याचं बोलणंही गेलं. आता डाव्या हातानं बोलतो, अडखळत, अर्धं वाक्य हवेतच सोडून देतो... आधी केवढ्या नकला करायचा! एल्पिदियाची, पाद्रीबाबांची! नकलेला दोन हात लागतात हो.

मग बाल्तासारसाहेब विचारपूस करायला आले. क्रिसोफोरोच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "क—सं वा—ट—तं—य?" त्यानं चेहरा पुसला. मग साहेबांनी भिंतीला एक रंगीत कागद चिकटवला: बहिऱ्यांसाठी खास मदत, या नंबरावर फोन करा! मी म्हटलं, साहेब, फोन? "रात्रंदिवस चालू असतो, बाई! आणि भोंगा वाजतो ना?"

तक्रार वर कळवतो म्हणाले. कळवलीही, खोटं कशाला बोलू! माणसं आली, शिडी आली, वायरी आल्या, मी दालचिनी घालून कॉफी केली, म्हटलं आला, आला दिवा! आणि बसवलं काय? दुसरा भोंगा! पहिल्याच्या दुप्पट! आमच्याच दारातल्या खांबावर! "आता तरी ऐकू येईल ना?" आता तो वाजवून बघतात तेव्हा कोंबड्या छपरावर जातात, एल्पिदिया टेबलाखाली जाते, क्रिसोफोरो शांतपणे कॉफी पितो, आणि मला डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलंय... भोंगा मात्र वाजतो!

तरी माउलीवर मी रुसले नाही. तिचा काय दोष? दिवाच जरा बेढब झाला असेल, तिला पेरू वाटला असेल. यंदा परसातलं पेरूचं झाड बघा, फांद्या मोडताहेत! एकीच्या दिव्यानं भागायचं नाही. तेव्हा बायांनो, टेकडीवर जाल तेव्हा घर करा, गाय करा, पाळणा करा, आणि उरल्या मातीचा एक दिवा आमच्यासाठी करा. फक्त खाली वायर तेवढी नीट वळा हो... माउली तिला देठ समजली, तर पुन्हा पेरूच यायचे!