जागच्या जागी फिरणारी चिप

कंधारकर मंडळी, बंगळुरूहून आलेले आमचे ऑफिसातले सहकारी, वहिनी, आणि माधवची माय... या शोकसभेत मला बोलायला लावू नका, असं मी सकाळपासून म्हणून राहिलो होतो. पण माय म्हणाली, "तू माधवचा जिगरी दोस्त. तूच बोल." म्हणून उभा राहिलो.

माय, मी त्याचा दोस्त होतो. पण मी त्याच्यावर जळायचो. लई जळायचो. मी उदगीरचा, तो कंधारचा. नांदेडला इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो. त्याचा पहिला नंबर, माझा दुसरा. पुढं नोकरीही एकाच कंपनीत. तिथंही शाबासकी त्याला, आणि टाळ्या वाजवायला मी.

आमचं काम काय, तर जिथं उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, तिथं गाडी किती वळली हे प्रकाशावरून ओळखणारं एक यंत्र असतं. त्या प्रकाशाचा बारीकसा इशारा पकडून त्याचे आकडे करणारी चिप आम्ही काढायचो. तिचा अॅनालॉग भाग कुजबुज ऐकणारा. डिजिटल भाग पिठाच्या गिरणीसारखा खडखडणारा. दोन्ही नखाएवढ्या जागेत! गिरणीकडची तार कुजबुजीजवळून गेली, की संपलं. म्हणून आमच्यात रीत आहे. एकानं लेआउट, म्हणजे तारांचा नकाशा, काढायचा, दुसऱ्यानं तपासून सही करायची. चिप एकदा बनायला गेली की काही खोडता येत नाही.

माधवच्या लेआउटमध्ये एक तार चुकली होती. मला दिसली. पहिल्याच दिवशी दिसली. मी काय केलं? सही केली. म्हटलं, पडू दे एकदा तोंडघशी.

काही महिन्यांनी चिप आली. यंत्र टेबलावर ठेवलं. ते जागचं हलत नाही, आणि आकडे म्हणतात, मी फिरतंय! साहेबांनी विचारलं, तपासलं कुणी? सही माझी.

माधव उठला. म्हणाला, "सर, यानं बरोबरच तपासलं होतं. सही झाल्यावर मी ती तार हलवली."

धडधडीत खोटं. कुणी नोंदी उघडूनही बघितल्या नाहीत. त्याच्या शब्दाला तेवढी किंमत होती, मंडळी. त्याचं टीमचं प्रमुखपद गेलं. ते कुणाला मिळालं? मला. आणि तरी मी जळतच राहिलो. एवढं मोठं मन याच्या वाट्याला आलं, माझ्या का नाही? आत्ता ही गर्दी बघूनही जळतोय. माझ्यासाठी कोण येणार आहे?

त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं एकदाच विचारलं, "खरं सांग, तुला दिसलं होतं का न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई रे."

"बरं. चहा घे," म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, सांगू कधीतरी, घाई काय आहे. आणि गेल्या सोमवारी त्याचं हृदय बंद पडलं.

माय, मला शिव्या दे. तुझा हक्क आहे. पण आधी सगळे दोन मिनिटं उभे राहू. कुणी काही बोलू नका. मला फक्त त्याला उत्तर द्यायचं आहे.

व्हय, माधव. दिसलं होतं.