जंतू काढले तर?

माझ्या थोरल्या भावाला चांगली बातमी सांगायची म्हणजे आधी संशयाला तोंड द्यायचं. तो रावेरला केळी पिकवतो. मी जळगावच्या कॉलेजात गणित शिकवतो. पाण्यातले जंतू प्राणवायूच्या दिशेने पोहत जातात आणि त्यांच्यासोबत पाणीही हलतं, त्याच्या समीकरणांवर मी पाच वर्षं डोकेफोड करत होतो. प्रश्न एवढाच की उत्तर कायम गुळगुळीत राहतं, की जंतूंची एका जागी इतकी गर्दी होते की उत्तरच फुटतं, म्हणजे आकडे अनंताला जाऊन भिडतात? शेवटी मला सिद्धता मिळाली. कधीच फुटत नाही! शोधनिबंध छापायला पाठवायच्या आदल्या दिवशी सकाळीच पेढे घेऊन रावेर गाठलं.

भाऊनं पेढा हातातच धरला. "जंतू किती बी असले तरी चालते?"

"कितीही."

"मंग एक बी नसला त?"

"तरी चालतं भाऊ. मग नुसतं पाणी उरतं."

"नुसत्या पान्याचं तरी कोनी सिद्ध केलं का?"

तिन्ही दिशांना वाहणाऱ्या नुसत्या पाण्याचा हाच प्रश्न जगात अजून कुणालाही सुटलेला नाही, आणि मी तो जंतूंसकट सोडवून बसलो होतो! तिथंच ओसरीवर कागद पसरले. जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा अकराव्या पानावर एक असमानता उलटी लिहिलेली दिसली, 'पेक्षा लहान'च्या जागी 'पेक्षा मोठं'. पुढचं सगळं तिच्यावरच उभं होतं.

"भाऊ, चूक सापडली," मी म्हणालो.

भाऊनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "एकच?"