उमरावाच्या पायाशी सिंह

सर रॅनल्फना पुरलं त्या दिवशी चर्चच्या दारात गरिबांना पाव वाटायचे होते. आत पाथरवट हॅमो त्यांची दगडी मूर्ती पुरी करत होता. पायाजवळच्या सिंहाचं शेपूट तेवढं कोरायचं राहिलं होतं. बाहेर रांगेतल्या दोघींचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

"पर्नेलकाकू, पायाशी सिंह म्हणे!"

"रणशूराला सिंहच लागतो, हाविस. तीनदा फ्रान्सला गेले होते."

"लढले?"

"पहिल्यांदा यांना ताप आला, दुसऱ्यांदा घोड्याला."

"मग तिसऱ्यांदा तिथला तो किल्ला कोणी जिंकला?"

"सर फुल्कनं. यांनी राजाचे कान भरले, फुल्कला फितूर ठरवलं आणि किल्ला स्वतःकडे घेतला."

"केवढा पराक्रम!"

"तर! शत्रू परत आला तेव्हा मागच्या खिडकीतून दोराने उतरले. एवढं पोट घेऊन!"

"हळू बोला. पाव घेऊन त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायचीय."

"करीन की. त्यांचा पाव खाऊन त्यांचे गोडवे गाणं आम्हाला नवीन नाही."

"तुमचा मुलगा वॉट त्याच किल्ल्यात होता ना? त्याला कुठे पुरलं?"

"ते साहेबांनाच ठाऊक. पळताना मागे वळून बघितलं असेल तर."

आत हॅमोने छिन्नी उचलली आणि सिंहाचं शेपूट मागच्या दोन पायांत घातलं.