आशय समजला

...आणि तो शिक्का मीच करून घेतला हो, स्वतःच्या हौसेने! तुम्हाला सांगतो, बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि त्याच आठवड्यात जांभळ्या शाईचा शिक्का करून आणला. 'आशय समजला. योग्य ती कार्यवाही होईल.' खाली सही, अनंत सबनीस. चौतीस वर्षं कचेरीत हेच हाताने लिहीत आलो, मनगट दुखायचं! आता अर्ज आला की ठक्! टाकी गळते? ठक्! वरच्यांचा कुत्रा भुंकतो? ठक्! वाचायचं कशाला? अहो, लिहिणारा तरी शेवटी काय लिहितो? 'कळावे.' त्याने लिहायचं कळावे, आपण लिहायचं कळले, मिटलं की!

तर परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच राहतात, मुलगा केयूर तिकडे कॅनडात. मला म्हणतात, "अनंतराव, वेळ बदललीत का? मी आपली रोज सातला आवरून दाराशी बसते." आता कसली वेळ, कुठलं दार... विचारावं की नाही माणसाने? छे! मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो हो, आपल्या भावना समजल्या." म्हणजे तोंडाने शिक्का मारला हो मी, भर लिफ्टमध्ये! कळावे!

घरी येऊन फाईल उपसली. सापडलं बाईंचं पत्र. सुरेख अक्षर, आणि त्यावर माझा शिक्का, तोही तिरका. आमच्या निशाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली, "गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले. चार तास उठता आलं नाही. हाका मारल्या, कोणाला ऐकू गेल्या नाहीत. रोज सकाळी सातला कोणीतरी एकदा बेल वाजवावी. आतून उत्तर आलं नाही, तर केयूरला फोन करावा. एवढीच विनंती. कळावे."

निशाने चष्मा काढला. "अहो, एकोणीस दिवस झाले याला. काय कार्यवाही केलीत?"

काय सांगू? शाई वाळवली!

लाज वाटली हो. खरंच सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस सकाळी ती बाई खुर्ची ओढून दाराशी बसली... का? तर तिच्याकडच्या प्रतीवरही मी शिक्का मारून दिला होता, 'समजला' म्हणून! आणि एखाद्या सकाळी परत पडली असती तर? तर फाईलमध्ये माझी सही होतीच की, जांभळी, ठसठशीत!

तसाच वर गेलो. म्हटलं, "बाई, क्षमा करा, तुमचं पत्र मला नीट समजलं नव्हतं..."

"समजलं नव्हतं म्हणू नका. वाचलं नव्हतं म्हणा. मुलांनाही मी हेच सांगायचे."

वय वर्षे चौसष्ट, आणि अंगठे धरून उभं राहावंसं वाटलं! कळावे!

तेव्हापासून रोज सातला मी स्वतः जातो. बेल वाजवतो. आपली एक वेडी आशा, की दार उघडेल, बाई चार शब्द बोलतील, माफ केलं म्हणतील, अर्धा कप चहा... कुठलं काय! दार बंदच. आतून आवाज येतो, "आहे अजून. या आता."

आणि मी येतो. तुम्हाला सांगतो, अख्ख्या सोसायटीत तेवढं एकच म्हणणं असं आहे, जे मला पहिल्या झटक्यात समजतं.