चिंचेने घासलेला रुपया

देव्हाऱ्यातला चांदीचा जुना रुपया बारामतीच्या नाणेसंग्राहकांना दाखवावा, हा सल्ला माझाच होता. अंथुर्ण्याचे माझे थोरले बंधू तात्या यांनी त्यांच्या लेकीला, रूपालीला, शब्द दिला होता, "नाण्याला मोल आलं, तर तुझी उसाच्या रोपांची नर्सरी काढू."

आम्ही चौघे गाडीने बारामतीला गेलो, तेव्हा संग्राहकांनी भिंग लावले. "नाणं अस्सल आहे हो, पण राजाचं नाक कुठं गेलं?"

"दर दिवाळीला चिंचेनं घासती की मी," वहिनी म्हणाल्या. "देवाचं काळं ठिवायचं व्हय?"

"काळंच ठेवलं असतं, तर हौशी माणसानं मागाल ते दिलं असतं. आता निव्वळ चांदीचा भाव."

परतताना गाडीत तात्या वहिनींवर उखडले, "लेकीची नर्सरी घासून टाकलीस!"

तेव्हा रूपाली म्हणाली, "आईला बोलू नगा, तात्या. मला इहिरीजवळचं अर्धा एकर रान द्या. बाकीचं मी बघती."

ऊस तुटून गेला की ते रान रूपालीला द्यावे, असे मी सुचवले. वहिनींनी तत्काळ होकार दिला. गावाजवळचे लासुर्णे आले, तसे तात्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "अर्धा कशाला? एकर घे."