पांढरे ठिपके

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या म्हातारीचे कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते. थोरली प्रयोगशाळेत मोठी बाई होती.

"ताई, त्या पोरीला कामावरून का गं काढलंस?"

"साखर घातलेल्या प्लेटमध्ये जंतू वाढवतो आम्ही. साखर खाणारे लाल दिसतात. हिच्या प्लेटमध्ये सगळे ठिपके पांढरे! म्हटलं, बया साखर घालायलाच विसरली."

"आणि?"

"साखर होती. नंतर तिच्या नळीतले उरलेले जंतू तपासले, तर त्यांचं साखर आत घेणारं जनुकच बिघडलेलं. असलेच जंतू तर सहा वर्षं शोधत होतो आम्ही."

"मग प्लेट?"

"तिच्यादेखत फेकली."

"फोन तरी कर."

"केला. म्हणाली, 'मॅडम, मी तेव्हाच सांगत होते.'"

"माफी मागितलीस?"

"तोंडापर्यंत आली होती गं. म्हटलं, तब्येत सांभाळ, आणि ठेवला."

म्हातारीचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला, तरी पुढचं ऐकायला ती जागची हलली नाही.