मला न पाहता आलेलं ऑपरेशन

आदरणीय अध्यक्ष भालचंद्रराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर चारुदत्त, सौ. उज्ज्वलावहिनी आणि कलकत्त्यातल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

लोडशेडिंगची वेळ व्हायच्या आत बोलून घेतो. चारुदत्तांची नागपूरला बदली झाली आहे, आणि गौरवाचं भाषण मीच करावं असा मंडळाचा आग्रह. माणसाला शिक्षा तरी किती द्यावी?

मी इथेच जन्मलो, इथेच सर्जन झालो. पोटातल्या धमनीचा एक दुर्मीळ विकार आहे. तिच्या भिंतीचा आतला पदर फाटतो, रक्त दोन पदरांच्या मधे शिरतं, खरी वाट बंद होते आणि आतड्याला रक्त मिळेनासं होतं. वाढलेला रक्तदाब, भिंतीचा मूळचा कमकुवतपणा, कधी पोटाला बसलेला मार, अशी कारणं. उपाय म्हणजे धमनी उघडायची, फाटका पदर काढायचा आणि पायाच्या शिरेचं ठिगळ लावून ती शिवायची. यावर मी वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली. रोगी मात्र एकही हाती लागला नाही.

लागला तो गेल्या दुर्गापूजेत, आणि तो मीच होतो.

धमनीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेवरून चारुदत्तांनी निदान केलं. मी म्हटलं, "भूल मणक्यातून द्या, वरच्या दिव्याच्या काचेत मला पाहू द्या."

हे म्हणाले, "सर, तुम्ही जागे राहिलात तर मला सुई धरू देणार नाही."

आणि मला झोपवलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते ऑपरेशन खिदिरपूरच्या नर्सबाईंनी पाहिलं, शिकाऊ डॉक्टरांनी पाहिलं, मीच तेवढा राहिलो. हेवा वाटणार नाही?

पुढे परिषदेत यांनी त्यावर निबंध वाचला. आमच्यात रीत अशी, की रोग्याचं नाव छापत नाहीत. त्यामुळे चारुदत्तांचं नाव ठळक, आणि मी कोण? 'एक स्थूल, मध्यमवयीन पुरुष'. स्थूल हा शब्द गाळता आला असता.

घरीही तेच. आमच्या सौ. वृंदाबाई पहिल्या रांगेत हसताहेत, त्यांनाच विचारा. नोलेन गुळाच्या, म्हणजे इथल्या खजुराच्या नव्या गुळाच्या, पोळ्या झाल्या की पहिला डबा चारुदत्तांकडे, आणि माझ्यापुढे पेज. शिवाय ज्यानं जीव वाचवला त्याच्याबद्दल चारचौघांत वाईट बोलताही येत नाही.

बदलीची बातमी आली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. काल शेवटचं तपासून घ्यायला गेलो. पोटावर हात ठेवून चारुदत्त नेहमीसारखं म्हणाले, "पुन्हा दुखलं तर थांबू नका, लगेच या."

मी विचारलं, "कुठे?"

या शहरात चांगले सर्जन पुष्कळ आहेत, मी स्वतः एक आहे. पण माझी ती धमनी कशी शिवली आहे हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे, तो माणूस उद्या हावड्याहून गाडीत बसणार. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते. चारुदत्त, तुमचा हेवा करणं आज मी सोडलं. आता मला नागपूरच्या रोग्यांचा हेवा वाटतो.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत, सभेनं ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. कौतुकाच्या ओघात काही कडवट निघून गेलं असेल, तर एका रोग्याचं बोलणं समजून ते पोटात घालावं.